आयसीएसची नोकरी सोडून कुलपं बनवायला गेलेल्या माणसाने कराचीच्या वस्तीत गटारं कशी उभी केली?

1980 सालचा एप्रिल महिना. कराचीच्या वायव्येला, टेकड्यांच्या पायथ्याशी पसरलेली ओरंगी नावाची एक अवाढव्य वस्ती. सगळी घरं बेकायदा जमिनीवर. सरकारी नकाशात नाव नाही, त्यामुळे नळ नाही, ड्रेनेज नाही. गल्लीच्या मधोमध काळं पाणी साचलेलं आणि त्याच पाण्यातून वाट काढत पोरं शाळेला, माणसं कामाला जायची. पाऊस आला की ते पाणी थेट घरात.

या वस्तीत पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ रोज फिरायला लागले. साधे कपडे, बोलणं मवाळ, हातात ना पैशाची पेटी ना कुठल्या योजनेचा फॉर्म. ते लोकांशी गप्पा मारायचे, घरं कशी बांधली, पैसे कुठून आणले, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, एवढंच विचारायचे. असे ते कित्येक महिने फिरत राहिले.

लोकांची साहजिकच एक अपेक्षा होती. मोठा माणूस आलाय म्हणजे काहीतरी वाटायला आला असणार. पण या गृहस्थांनी पहिल्या दिवसापासून सांगून टाकलं होतं की आपण पैसे देणार नाही.

पुढच्या काही वर्षांत याच ओरंगीतल्या हजारो गल्ल्यांखाली ड्रेनेजची लाइन गेली. लाखाच्या आसपास घरांमध्ये पाण्याने साफ होणारा संडास आला. गल्लीतल्या लाइनसाठी सरकारचा पैसा नाही, परदेशी कर्ज नाही, कॉन्ट्रॅक्टरही नाही. खर्च केला तो ओरंगीतल्या विणकरांनी, हमालांनी, ड्रायव्हर आणि शिलाई करणाऱ्या बायकांनी.

या गृहस्थांचं नाव डॉ. अख्तर हमीद खान. जगभरात गरीब वस्त्यांमधल्या स्वच्छतेवर काम करणारे लोक आजही ज्यांचं नाव घेतात, ते हेच. त्यांची ही गोष्ट.

आग्रा ते केंब्रिज

अख्तर हमीद खान यांचा जन्म 15 जुलै 1914 चा, आग्र्याचा. वडील पोलीस खात्यात अधिकारी होते. घरात शिस्त वडिलांची आणि वाचनाची गोडी आईची. हाली, इक्बाल आणि रूमी यांची कविता त्यांना आईकडून लहानपणीच मिळाली. जालौन, मेरठ, आग्रा असं शिक्षण झालं. इंग्रजी साहित्यात एमए केलं, काही काळ मेरठच्या कॉलेजात शिकवलंही.

1936 मध्ये ते आयसीएस झाले. आजच्या आयएएसचा हा आजोबा. त्या काळात आयसीएस झालेला माणूस म्हणजे जिल्ह्याचा राजाच. प्रशिक्षणासाठी त्यांना केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात पाठवण्यात आलं. तिथून परत आल्यावर नेमणूक मिळाली बंगालमध्ये आणि नोकरीतला बराचसा काळ गेला तो पूर्व बंगालमध्ये.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. पण मग 1943 साल उजाडलं.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या होत्या. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून ब्रिटिश सरकारने बंगालच्या किनारी भागातून तांदूळ हलवला, होड्या जप्त केल्या किंवा मोडून टाकल्या. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. चक्रीवादळाने पिकं गेली. साठेबाजी सुरू झाली, भाव आकाशाला भिडले. या सगळ्याचा परिणाम म्हणजे बंगालचा भीषण दुष्काळ. त्यात मेलेल्यांचे अंदाज 20 ते 30 लाखांच्या घरात जातात.

जी यंत्रणा हे होऊ देत होती, खान त्याच यंत्रणेतले अधिकारी होते. वरचे हुकूम पाळायचे आणि खाली माणसं मरताना बघायची, हे त्यांना सोसवेना. 1945 मध्ये त्यांनी आयसीएसचा राजीनामा दिला.

साहेब कुलूपवाल्याच्या हाताखाली

आयसीएस सोडणारे लोक त्या काळातही होते. कोणी राजकारणात गेलं, कोणी वकिली केली. खान यांनी जे केलं ते ऐकून मात्र घरचेही चक्रावले असतील. ते अलीगढजवळच्या एका खेड्यात राहायला गेले. तिथे त्यांनी मजुरी केली आणि कुलपं बनवण्याचं काम शिकून घेतलं. अलीगढचं कुलूप तेव्हाही देशभर प्रसिद्ध होतं आणि आसपासच्या गावांमध्ये हा धंदा घरोघरी चालायचा.

गरिबांसाठी काही करायचं तर आधी गरीब माणसासारखं जगून बघायला हवं, हा त्यामागचा विचार. सुमारे दोन वर्षं हे चाललं. लग्न झालेलं होतं, संसार होता. हाताने काम करून पोट भरणं किती अवघड असतं हे त्यांना कळलं, आणि आपण कितीही प्रयत्न केला तरी कारागीर होऊ शकत नाही हेही कळलं. हा प्रयोग फसला हे त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने मान्य केलं.

पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. गरीब माणूस अडाणी नसतो. तो रोज हिशोब करत असतो. कुठे एक आणा वाचेल, कोणावर विश्वास टाकायचा, कोण फसवेल, हे त्याला साहेबापेक्षा चांगलं कळतं. पस्तीस वर्षांनी ओरंगीत त्यांना हाच धडा कामाला येणार होता.

त्यानंतर ते दिल्लीच्या जामिया मिलियामध्ये शिकवायला लागले. तोवर फाळणी झाली होती. 1950 मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि लवकरच पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या कोमिल्ला इथल्या व्हिक्टोरिया कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्या बंगालने त्यांची साहेबगिरी सोडवली, त्याच बंगालमध्ये ते परत आले, यावेळी मास्तर म्हणून. उर्दू, इंग्रजी, फारसी, अरबी, हिंदी यांच्या जोडीला बंगालीवरही त्यांचं प्रभुत्व होतं, आणि बौद्ध धर्माच्या ओढीने ते पालीही शिकले होते.

कोमिल्लात नेमकं काय केलं?

1959 मध्ये कोमिल्लाला ग्रामीण विकासाची एक अकादमी सुरू झाली आणि खान तिचे पहिले संचालक झाले. सरकारी अधिकाऱ्यांना गावांचं काम शिकवायचं, हा तिचा उद्देश. खान यांना पहिला प्रश्न पडला तो असा की, जे आपल्यालाच माहीत नाही ते आपण शिकवणार काय? म्हणून त्यांनी कोमिल्लाचा एक पूर्ण ठाणा, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याहून छोटा प्रशासकीय भाग, प्रयोगशाळा म्हणून मागून घेतला.

त्यांनी गावागावांत शेतकऱ्यांच्या छोट्या सहकारी संस्था उभ्या केल्या आणि त्यांच्या वर ठाण्याचा एक संघ बांधला. दर आठवड्याला बैठक आणि दर आठवड्याला थोडी का होईना बचत, ही अट. बाहेरून अधिकारी पाठवण्याऐवजी गावाने स्वतःचा एक माणूस निवडायचा. त्याने आठवड्यातून एकदा अकादमीत यायचं, शिकायचं आणि परत जाऊन गावाला शिकवायचं. नाले खोदणं, बांध घालणं, रस्ते करणं ही कामं कॉन्ट्रॅक्टरला न देता गावाच्या समितीकडे द्यायची.

याला पुढे कोमिल्ला मॉडेल म्हणून जगभर ओळख मिळाली. 1963 मध्ये खान यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार सुरू झाला त्या 1958 साली तो आपल्या विनोबा भाव्यांनाही मिळाला होता. मिशिगन स्टेट विद्यापीठाने खान यांना मानद डॉक्टरेट दिली आणि ते डॉ. खान झाले.

पण कोमिल्ला मॉडेल पुढे रुळावरून घसरलं. सरकारने ते घाईघाईने सगळीकडे पसरवलं, वरून पैसा ओतला. पैसा आला तसे गावातले बडे शेतकरी संस्थांमध्ये शिरले, कर्जं घेऊन बसले आणि परतफेड थांबली. छोटा शेतकरी पुन्हा होता तिथेच.

आणि मग 1971 आलं. बांगलादेश वेगळा झाला. खान यांना आयुष्यातली वीस वर्षं जिथे घातली ती जागा सोडून पश्चिम पाकिस्तानात यावं लागलं. पुढची काही वर्षं विद्यापीठांमध्ये शिकवण्यात गेली, त्यातली काही अमेरिकेत.

साठी उलटलेली, सगळ्यात मोठं काम मागे राहिलेलं. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. खान यांची इथून सुरू झाली.

ओरंगी म्हणजे काय?

कराची हे आपल्याला परकं शहर वाटतं, पण 1936 पर्यंत सिंध हा प्रांत मुंबई इलाख्याचाच भाग होता. फाळणीनंतर तिथे निर्वासितांचे लोंढे आले आणि शहर फुगत गेलं. ओरंगीची वस्ती 1965 च्या सुमाराला सुरू झाली. 1971 नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेले बिहारी इथे मोठ्या संख्येने आले. त्यांच्या जोडीला मुहाजिर, पठाण, पंजाबी, सिंधी, बलुची. सुमारे दहा हजार एकरांवर पसरलेल्या या वस्तीची लोकसंख्या 1980 च्या दशकात दहा लाखांच्या आसपास सांगितली जायची.

ओरंगी आणि आपल्याकडच्या धारावीसारख्या वस्तीत एक मोठा फरक होता, आणि पुढच्या गोष्टीसाठी तो महत्त्वाचा आहे. ओरंगीची सरकारी जमीन दलालांनी प्लॉट पाडून विकली होती. व्यवहार बेकायदा, पण आखणी सरळ. ओळीने प्लॉट, मधून गल्ली. एका गल्लीत वीस ते चाळीस घरं. प्रत्येकाकडे छोटा का होईना स्वतःचा प्लॉट आणि त्यावर सिमेंटच्या ब्लॉकचं घर. ते ब्लॉक वस्तीतलेच कारखानदार उधारीवर द्यायचे.

म्हणजे सरकारच्या एका पैशाविना लाखो लोकांनी घरं उभी केली होती. अडलं होतं ते संडासापाशी.

बहुतेक घरांत पाटीचे संडास होते. खाली डबा किंवा पाटी, ती सफाई कामगाराने येऊन उचलायची आणि बऱ्याचदा जवळच कुठेतरी रिकामी करायची. ज्यांना परवडायचं त्यांनी शोषखड्डे केले होते, पण ते काही वर्षांत भरायचे. मोरीचं पाणी गल्लीत. काहींनी आपापली पाइप टाकून घाण जवळच्या नाल्यात सोडली होती, पण उतार चुकलेला असल्याने ती तुंबायची. ओलीमुळे घरांच्या भिंती खराब व्हायच्या. टायफॉइड, हगवण, मलेरिया कायमचे मुक्कामाला. औषधपाण्यावर दर महिन्याला पैसे जायचे, ते वेगळेच.

बीसीसीआय बँकेचे संस्थापक आगा हसन अबेदी यांनी या वस्तीसाठी काहीतरी करा म्हणून खान यांना बोलावलं. बँकेच्या फाउंडेशनचा पैसा होता. खान यांनी होकार दिला, पण काय करायचं ते आपण ठरवू आणि वेळ लागेल, या बोलीवर. असा ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू झाला.

चार अडथळे

कित्येक महिने फिरल्यावर खान यांच्या लक्षात आलं की लोकांना गटार हवंय, त्यावर खर्च करायचीही तयारी आहे. मग अडतंय कुठे? त्यांनी चार अडथळे शोधले.

पहिला मनाचा. घराच्या आत जे आहे ते माझं, दाराबाहेरची गल्ली सरकारची, अशी सगळ्यांची समजूत होती. गटार सरकारने फुकट द्यायचं असतं. निवडणूक आली की नेते तसं आश्वासनही द्यायचे. लोक त्याची वाट बघत बसले होते.

दुसरा समाजाचा. संडास एकट्याला बांधता येतो, गटार येत नाही. त्यासाठी अख्खी गल्ली एकत्र यायला लागते, आणि गल्लीला एकत्र आणणारं कोणीच नव्हतं.

तिसरा पैशाचा. सरकारी दराने ड्रेनेज टाकायचं तर घरामागे येणारा खर्च ओरंगीतल्या माणसाच्या आवाक्याबाहेर होता.

चौथा तंत्राचा. उतार किती द्यायचा, चेंबर कुठे घ्यायचा, हे कोणालाच माहीत नव्हतं.

खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसऱ्या अडथळ्यापासून सुरुवात केली. सरकारी खर्च इतका का येतो, ते उकलून बघितलं. त्यात कॉन्ट्रॅक्टरचा नफा होता, अधिकाऱ्यांची टक्केवारी होती आणि गरजेपेक्षा मोठं डिझाइन होतं. ज्या गल्लीत ट्रक शिरूच शकत नाही, तिथे ट्रकचं वजन पेलणारी खोल लाइन कशाला?

मग खर्च कमी करायला सुरुवात झाली. लाइन कमी खोल घेतली. मॅनहोल छोटे केले आणि ते जागेवरच ओतता यावेत म्हणून लोखंडी साचे बनवून घेतले, जे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत फिरवता यायचे. घराच्या संडासातून येणारी लाइन गल्लीच्या लाइनला जोडण्याआधी मध्ये एक छोटी हौदी ठेवली. घन मैला हौदीत बसायचा आणि पुढे फक्त पाणी जायचं. त्यामुळे गल्लीतली पाइप लहान आणि उतार कमी असला तरी चालायचं. खोदाई लोकांनी करायची, किंवा ओळखीच्या गवंड्याला लावून करून घ्यायची.

या सगळ्यामुळे संडास आणि गल्लीतली लाइन मिळून घरामागचा खर्च हजार-दीड हजार पाकिस्तानी रुपयांपर्यंत खाली आला. सरकारी अंदाज याच्या कित्येक पट होता. वस्तीतल्या कुटुंबाच्या साधारण महिनाभराच्या कमाईत हे काम बसत होतं.

एक गल्ली, एक मॅनेजर

आता उरले मनाचे आणि समाजाचे अडथळे. त्यावर खान यांचं उत्तर होतं गल्ली.

मोहल्ला मोठा पडतो, त्यात राजकारण येतं. एकटं घर लहान पडतं. पण वीस-तीस घरांच्या गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात. कोणी पैसे खाल्ले तर लपत नाही. म्हणून प्रकल्पाने गल्ली हेच एकक धरलं.

पद्धत अशी होती. प्रकल्पाचे कार्यकर्ते, जे ओरंगीतलेच असायचे, गल्लीत बैठक घ्यायचे. नकाशे, मॉडेल, स्लाइड दाखवून काम समजावून सांगायचे. गल्ली तयार असेल तर तिने आपल्यातला एक माणूस निवडायचा, तो लेन मॅनेजर. त्याने गल्लीच्या वतीने अर्ज करायचा. अर्ज आला की प्रकल्पाची माणसं येऊन मोजणी करणार, लेव्हल काढणार, नकाशा आणि खर्चाचा कागद हातात ठेवणार. अवजारं आणि साचे वापरायला देणार. बाकी वर्गणी गोळा करणं, सामान आणणं, खोदणं, भांडणं मिटवणं हे सगळं गल्लीचं काम.

पैशाला प्रकल्प हात लावत नसे. हा नियम खान यांनी कटाक्षाने पाळला. कोमिल्लात बाहेरचा पैसा आला आणि संस्था पोखरल्या गेल्या, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. लोकांचा पैसा लोकांच्याच हातात राहिला की हिशोबही लोकच मागतात.

सुरुवात फार हळू झाली. 1981 मध्ये पहिल्या मोजक्या गल्ल्या तयार झाल्या, त्याही अशा जिथे नाला जवळ होता आणि घाण पाणी सोडायला जागा होती. पण एकदा एक गल्ली कोरडी झाली, पोरं तिथे खेळायला लागली, की शेजारच्या गल्लीला ते दिसायचं. बायकांचा वाटा यात मोठा होता. पुरुष दिवसभर बाहेर, त्या घाणीत दिवस काढायच्या त्या घरातल्या बायका. अनेक गल्ल्यांमध्ये वर्गणीसाठी त्यांनीच रेटा लावला. गटार आलं की घराची किंमत वाढते, हेही लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

नाल्यापासून लांब असलेल्या गल्ल्यांपुढे वेगळा प्रश्न होता. त्यांनी पाणी सोडायचं कुठे? मग अनेक गल्ल्या एकत्र आल्या आणि त्यांनी मिळून मोठी सामायिक लाइन टाकली. खान यांनी कुठलीही समिती न नेमता हे घडलं.

चुका झाल्या, मग काय?

सगळं सुरळीत झालं असं नाही. सुरुवातीच्या काही कामांची तपासणी केली तेव्हा काँक्रीट कच्चं निघालं. कारण साधं होतं. लोक काँक्रीट ओतायचे, पण त्यावर पुरेसे दिवस पाणी मारायचे नाहीत. काही ठिकाणी मिश्रणाचं प्रमाण चुकलं होतं, काही ठिकाणी लेव्हल.

इथे एखादा साहेब असता तर म्हणाला असता की लोकांना जमत नाही, द्या कॉन्ट्रॅक्टरला. खान यांनी उलट धरलं. लोक चुकले म्हणजे शिकवण्यात आपण कमी पडलो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आरिफ हसन हे वास्तुविशारद प्रकल्पाशी जोडले गेले होते आणि मागोमाग परवीन रहमान ही तरुण वास्तुविशारदही आली. त्यांनी साध्या भाषेत माहितीपत्रकं आणि पोस्टर बनवले, कार्यकर्त्यांना आणि गवंड्यांना शिकवलं, चालू कामावर जाऊन चुका दाखवायला सुरुवात केली. कामाचा दर्जा सुधारत गेला.

हळूहळू प्रकल्पाची कामंही वाढली. बायकांसाठी आरोग्याचे वर्ग, शिलाईची केंद्रं, वस्तीतल्या खासगी शाळांना मदत आणि 1987 पासून छोट्या धंद्यांसाठी कर्ज. पण पाया राहिला तो गटाराचाच. गल्लीने एकदा एकत्र येऊन अवघड काम केलं की दुसरं काम तिला सोपं वाटायचं.

गरिबांनीच पैसे का द्यायचे?

खान यांच्यावर सगळ्यात जास्त टीका झाली ती या मुद्द्यावर. श्रीमंतांच्या कॉलनीत सरकार आपल्या खर्चाने ड्रेनेज टाकतं आणि ज्यांना दोन वेळचं जेवण अवघड, त्यांनी मात्र खिशातून पैसे काढून गटार बांधायचं? हा कुठला न्याय? यातून सरकारला जबाबदारीतून सुटका मिळते, असं टीकाकारांचं म्हणणं.

टीकेत तथ्य होतं आणि खान ते नाकारत नव्हते. त्यांनी त्यावर कामाची वाटणी सुचवली. घरातला संडास, गल्लीतली लाइन आणि मोहल्ल्याची सामायिक लाइन, हे लोक स्वतः करू शकतात, ते त्यांनी करावं. पण त्यापुढची मुख्य वाहिनी आणि सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट हे कुठल्याही गल्लीच्या बसची गोष्ट नाही. ते सरकारनेच करायचं. पहिल्या भागाला ते आतलं काम म्हणायचे, दुसऱ्याला बाहेरचं.

लोकांनी आतलं काम करून दाखवलं. बाहेरचं काम करायला सरकारने मात्र वेळ लावला. गल्ल्यांचं पाणी वर्षानुवर्षं उघड्या नाल्यांमध्ये आणि तिथून प्रक्रिया न होताच समुद्राकडे जात राहिलं. ओरंगीच्या कामाची ही दुखरी बाजू आहे, आणि ती झाकून ही गोष्ट सांगता येत नाही.

पण याच नाल्यांमुळे पुढचं एक मोठं काम झालं. परवीन रहमान यांच्या नेतृत्वाखाली वस्तीतल्या तरुणांना मोजणी शिकवून कराचीतल्या वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे बनवण्यात आले. त्यातून दिसलं की लोकांनी स्वतः टाकलेल्या लाइन शहरभर आहेत आणि सरकारी आराखड्यांमध्ये त्या गृहीतच धरलेल्या नाहीत. मग आहे तेच नाले बांधून बंदिस्त करा, परदेशी कर्ज काढून नवं जाळं कशाला, असा आग्रह प्रकल्पाने धरला. 1999 मध्ये कोरंगी भागातल्या सांडपाणी प्रकल्पासाठीचं आशियाई विकास बँकेचं कर्ज सरकारने रद्द केलं, त्यामागे हाच युक्तिवाद होता.

सिंध प्रांताच्या कच्ची आबादी प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या झोपडपट्टी सुधार मंडळासारख्या खात्याने, तस्नीम अहमद सिद्दीकी यांच्या काळात ओरंगीची पद्धत स्वीकारली. ज्या वस्तीला सरकार मोजत नव्हतं, तिच्याकडून सरकार शिकायला लागलं होतं.

दंगली, खटले आणि शेवट

हे सगळं शांततेच्या काळात झालं असंही नाही. डिसेंबर 1986 मध्ये ओरंगी परिसरात पठाण आणि मुहाजिर यांच्यात भयानक दंगल झाली, माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. त्यानंतरही कराची वर्षानुवर्षं धुमसत राहिली. अशा वातावरणात गल्लीची बैठक घेणं हेच धाडस होतं, पण काम थांबलं नाही.

खुद्द खान यांच्यावर ईशनिंदेचे आरोप झाले. त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या सिंह आणि मूर्ख यांच्या एका छोट्या कवितेतून भलताच अर्थ काढला गेला आणि खटले दाखल झाले. पाकिस्तानात या गुन्ह्याला फाशीची शिक्षा आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोर्टाच्या तारखांची धास्ती घेऊन जगावं लागलं. त्यांनी देश सोडला नाही, ओरंगीही सोडली नाही.

1999 मध्ये ते नातेवाइकांना भेटायला अमेरिकेत गेले होते. तिथेच, इंडियानापोलिस शहरात, 9 ऑक्टोबर 1999 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय 85. पार्थिव कराचीला आणण्यात आलं आणि ओरंगीतल्या प्रकल्पाच्या ऑफिसच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आलं.

त्यांच्यामागे काम पुढे नेणाऱ्या परवीन रहमान यांची 13 मार्च 2013 रोजी ऑफिसातून घरी जाताना गोळ्या घालून हत्या झाली. वस्त्या, जमिनी आणि पाणी यांचे नकाशे बनवणं हे कराचीत किती जोखमीचं काम आहे, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

खान यांनी आयुष्यात तीन मोठे प्रयोग केले. कुलपं बनवण्याचा फसला. कोमिल्लाचा गाजला, पण बाहेरच्या पैशाने बिघडला. ओरंगीचा टिकला, कारण पहिल्या दोघांतून काय शिकायचं ते त्यांनी शिकून घेतलं होतं. गरिबाच्या हिशोबावर विश्वास ठेवायचा हे अलीगढने शिकवलं, आणि त्याच्या हिशोबात आपला पैसा मिसळायचा नाही हे कोमिल्लाने.

म्हणून ओरंगीत ड्रेनेज तुंबलं तर ते काढायला कोणाची वाट बघावी लागली नाही. ज्या गल्लीने लाइन टाकली होती, तिला आपला चेंबर कुठे आहे आणि झाकण कसं उघडायचं ते माहीत होतं.